खुर्ची एक, कामं दोन

प्रश्न थोडक्यात: पत्रलेखिका पुणे परिसरातल्या एका कौटुंबिक कंपनीच्या संचालिका आहेत. कंपनी वाहनांचे सुटे भाग बनवते. उलाढाल साडेतीनशे कोटींच्या आसपास, एक प्लांट चाकणला, दुसरा वाळूजला. आयटी विभागात नऊ माणसं. विभागप्रमुख येत्या मार्चअखेर निवृत्त होताहेत आणि नेमकं त्याच सुमाराला सॅप या खरेदी, साठा, बिलं, हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची जुनी ईसीसी प्रणाली सोडून नव्या एस-फोर हानावर जायचं आहे.

प्रमुखाच्या जागेसाठी दोन नावं समोर आहेत. एक कंपनीतलेच. वय ४३, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, सोळा वर्षांपूर्वी हार्डवेअरची कामं करायला म्हणून लागले, आज दोन्ही प्लांटचं सॅप त्यांच्या जिवावर चालतं. पगार वर्षाला १४ लाख. दुसरे एका मोठ्या आयटी कंपनीत सल्लागार आहेत. इंजिनिअर, एमबीए, एस-फोर हानाच्या तीन प्रकल्पांचा अनुभव, मागणी ४२ लाखांची, नोटीस पीरियड ९० दिवसांचा. त्यांचं नाव सुचवलं ते सॅपचं काम करून देणाऱ्या पार्टनर कंपनीने.

पत्रलेखिका लिहितात: "बाबा म्हणतात, घरचा माणूस आहे, त्यालाच द्या. पण ते जर्मन ग्राहकांसमोर इंग्रजीत उभे राहू शकतील असं मला वाटत नाही. भाऊ म्हणतो, इन्फोसिसनेसुद्धा सीईओ बाहेरून आणला, मग आपण कशाला अडून बसायचं? शिवाय आतल्या माणसाला वर घेतलं तर रात्री-अपरात्री प्लांटचे फोन कोण घेणार? नाही घेतलं तर ते नाराज होतील, पण सोडून जातील असं वाटत नाही. काय करू?"

नमस्कार,

आतल्या उमेदवाराबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. ते किती वर्षं आहेत, रात्री किती वाजता फोन उचलतात, इंग्रजीत कुठे अडखळतात, डावललं तर किती दुखावतील. त्यांना ही जागा हवी आहे का, हे मात्र पत्रात कुठेच नाही. त्यांना विचारलंय का कुणी?

हा आडवळणाचा प्रश्न नाही. आयटीत मुरलेल्या पुष्कळ माणसांना विभागप्रमुख व्हायचं नसतं. बजेट, रजेचे अर्ज, लायसन्सच्या वाटाघाटी, दर सोमवारची रिव्ह्यू मीटिंग यांत त्यांचा जीव घुसमटतो. त्यांना पगार हवा असतो, मान हवा असतो आणि अवघड काम आपल्याच हातात राहायला हवं असतं. कदाचित याच्या अगदी उलटही असेल. दहा वर्षं मनातून वाट पाहत असतील आणि एका शब्दाने बोलले नसतील, कारण आपल्याकडे स्वतःहून पद मागणारा माणूस हावरट ठरतो. बाहेरच्या उमेदवाराने तुमच्यासमोर बसून ही जागा मागितली, आकडासुद्धा सांगितला. आतल्या माणसाला मागायची सोयच नाही, आणि त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही 'कुठे जाणार नाहीत' असा लावलाय.

तेव्हा आधी ते बोलणं करा. केबिनमध्ये भावाला शेजारी बसवून नको, दोघंच बसा. 'प्रमुख व्हाल का' असं सरळ विचारलंत तर 'तुम्ही म्हणाल तसं, मॅडम' हे उत्तर ठरलेलं आहे. त्यापेक्षा विचारा, की पुढची तीन वर्षं रोज काय करायला आवडेल आणि काय अजिबात नको. मग ऐकत राहा.

आणि ते सोडून जाणार नाहीत, हा भरवसा जरा तपासून पाहा. वाहन उद्योगातल्या प्लांटचं सॅप सोळा वर्षं चालवलेला माणूस चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात कुणालाही हवाच असतो. नव्या प्रमुखाच्या नावाचं सर्क्युलर लागलं, की त्याच रात्री नोकरी डॉट कॉमवरचा बायोडेटा ताजा होतो. मग तुमच्या हातात उरतो ९० दिवसांचा नोटीस पीरियड, आणि नवा साहेब तर तोवर गेटमधून आत यायचाच असतो.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही 'आतला की बाहेरचा' असं विचारलंय. माझ्या मते तुम्ही एका खुर्चीवर दोन वेगळी कामं ठेवली आहेत आणि दोन्हींना एकच माणूस शोधताय, म्हणून हा प्रश्न सुटत नाहीये.

पहिलं काम स्थलांतराचं, म्हणजे जुन्या सॅपवरून नव्यावर जाण्याचं. सॅपने ईसीसीची मुख्य देखभाल २०२५ पर्यंत देणार असं आधी सांगितलं होतं, फेब्रुवारी २०२० मध्ये ती मुदत २०२७ अखेरपर्यंत वाढवली. त्यापुढे जादा पैसे मोजून २०३० पर्यंत थांबता येतं. (ही मुदतही ईसीसीच्या एन्हान्समेंट पॅक ६ ते ८ या सुधारित आवृत्त्यांसाठी आहे. तुमचा पॅक कुठला, ते आजच विचारून घ्या.) म्हणजे हे काम निकडीचं आहे, मोठं आहे, पण संपणारं आहे. गो-लाइव्ह झालं, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू झाली, नंतरचे काही महिने निस्तरले, की संपलं. दुसरं काम खुर्चीचं, आणि ते पुढची पंधरा वर्षं चालणार आहे. ग्राहकाच्या पोर्टलवर एएसएन (माल पाठवल्याची आगाऊ सूचना) चढत नाही म्हणून माल भरलेली गाडी गेटवर उभी आहे, महिनाअखेरीला स्टोअर्सचा साठा आणि हिशेबाचा आकडा जुळत नाही, बारकोडचा प्रिंटर बंद आहे, ग्राहकाचा ऑडिटर आलाय, दोन पोरं नोकरी सोडून निघाली आहेत, असं ते रोजचं काम.

पहिल्या कामाला जे ज्ञान लागतं, ते तुमच्याकडे आज कुणाजवळ नाही. हे मान्य करावंच लागेल. जुनं सॅप चालवणारा माणूस नव्यावर आपोआप तरबेज होत नाही. ग्राहक आणि पुरवठादार यांचे वेगळे मास्टर (मूळ माहितीच्या नोंदी) जाऊन 'बिझनेस पार्टनर' ही एकच नोंद येते, हिशेबाच्या आणि साठ्याच्या नोंदींची रचना बदलते, आणि आधी कधी कटओव्हर (जुनी प्रणाली बंद करून नवी चालू करणं) केलेला माणूस नसेल तर त्या शनिवार-रविवारी हातपाय गळतात. बाहेरचे उमेदवार या बाबतीत नक्कीच पुढे आहेत.

दुसऱ्या कामाचं ज्ञान मात्र बाजारात विकत मिळत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, त्या आठवड्यात तुमची डिस्पॅचची बिलं कोणी चालू ठेवली? ई-इन्व्हॉइसची सक्ती शंभर कोटींवरच्या कंपन्यांना १ जानेवारी २०२१ पासून आली, तेव्हा कोण रात्री बसलं होतं? कुठल्या ग्राहकाचं लेबल वेगळं का आहे, वाळूजला एक गोदाम सिस्टिममध्ये दोन म्हणून का दिसतं, कुठला झेड प्रोग्रॅम (कंपनीने स्वतःसाठी लिहून घेतलेला जादा प्रोग्रॅम) कुणाच्या हट्टापायी लिहिला आणि आता कुणीच वापरत नाही, हे त्या एका माणसाच्या डोक्यात आहे. स्थलांतरात निम्मी डोकेदुखी अशाच गोष्टींची असते. पार्टनर कंपनीची मुलं येऊन विचारतात, 'ही प्रोसेस अशी का आहे?' त्याचं उत्तर देणारा माणूस जागेवर नसला, तर जुनाच गोंधळ नव्या प्रणालीत जसाच्या तसा उतरतो, आणि त्याचे पैसे वेगळे लागतात.

म्हणून दोन वर्षांच्या कामाच्या मापाने पंधरा वर्षांची खुर्ची भरू नका, असं मी म्हणेन. खुर्ची आतल्यांना द्यावी आणि स्थलांतराचं ज्ञान ठरावीक मुदतीसाठी बाहेरून घ्यावं, याकडे माझा कल आहे. कल म्हणतेय, निकाल नाही. त्यांना नको असेल किंवा पुढे सांगितलेल्या परीक्षेत ते उतरले नाहीत, तर माझंही मत बदलेल.

भावाच्या इन्फोसिसबद्दल. विशाल सिक्का २०१४ मध्ये बाहेरून आले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये राजीनामा देऊन गेले. जानेवारी २०१८ मध्ये आलेले सलील पारेखही बाहेरचेच, पण ते टिकले, २०२२ मध्ये त्यांना पुन्हा मुदत मिळाली. टीसीएसने चंद्रशेखरन, गोपीनाथन, कृतिवासन असे ओळीने आतलेच नेमले. विप्रोने लागोपाठ दोघांना बाहेरून आणून पाहिलं आणि एप्रिल २०२४ मध्ये तीस वर्षांहून अधिक काळ कंपनीत असलेल्या श्रीनी पल्लिया यांना बसवलं. आपल्या पुण्यातल्या पर्सिस्टंटला बाहेरून आलेले संदीप कालरा मानवले. ज्याला जे सिद्ध करायचं असेल ते या यादीतून करता येतं, म्हणून अशी उदाहरणं मी फार मनावर घेत नाही. इतक्या मोठ्या कंपनीत नव्या सीईओच्या हाताखाली सगळं जाणणारी जुनी माणसं ढीगभर असतात. तुमच्या विभागात नऊजण आहेत आणि अडलं की उरलेले आठ ज्यांना विचारतात, त्यांनाच तुम्ही डावलायच्या बेतात आहात.

एक अभ्यास मात्र सांगण्याजोगा आहे. व्हार्टन स्कूलचे मॅथ्यू बिडवेल यांनी एका अमेरिकन इन्व्हेस्टमेंट बँकेच्या नोंदी तपासून तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. सारख्या कामावर बाहेरून घेतलेल्यांना, बढती मिळून आलेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त पगार मिळत होता. शिक्षण आणि अनुभवही कागदावर त्यांचाच जास्त. तरीही पहिली दोन वर्षं त्यांच्या कामाचं मूल्यमापन खालचं राहिलं, आणि नोकरी सुटण्याचं प्रमाण जास्त, स्वतःहून सोडण्याचंही आणि काढलं जाण्याचंही. जे दोन वर्षं टिकले, त्यांना पुढची बढती लवकर मिळाली. अमेरिकेतली बँक आणि चाकणचा प्लांट यांत अंतर आहे, हे खरंच. तरी ती 'दोन वर्षं' तुमच्या संदर्भात वाचून पाहा. बाहेरच्या माणसाला घर कळायला लागणारा काळ आणि तुमच्या स्थलांतराचा काळ एकावर एक येतोय. हे गृहस्थ हुशार असतील, पण मुहूर्त वाईट आहे.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. त्यांचं नाव पार्टनर कंपनीने सुचवलं, हे तुम्ही पत्रात ओघात लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबले. पुढची दोन वर्षं तुमच्या आयटी प्रमुखाचं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या पार्टनरला 'नाही' म्हणणं हेच असणार आहे. ही चेंज रिक्वेस्ट (बदलाची मागणी) मूळ कामातच येते, तिचे वेगळे पैसे देणार नाही. हा सल्लागार आम्हाला नको, ज्याचा बायोडेटा दाखवला होता तोच पाठवा. चाचणी पुरी झालेली नाही, गो-लाइव्ह पुढे ढकला. ज्यांनी नाव पुढे केलं त्यांनाच हे सुनवायला माणसाला जड जातं, तो कितीही सरळ असला तरी. मला त्या उमेदवाराच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घ्यायची नाही. उलट सल्लागार कंपनीत राहिलेल्या माणसाला तिथल्या खोड्या चांगल्या ठाऊक असतात, तो त्या पकडूही शकतो. पण नाव पार्टनरकडून आलेलं असताना नको. निदान पार्टनरकडून लेखी घ्या, की या शिफारशीत त्यांचा काही व्यवहार नाही, आणि हे गृहस्थ पूर्वी त्यांच्याबरोबर कुठे-कुठे कामाला होते.

इंग्रजीचं काय, हे विचारलंत. त्या जर्मन ग्राहकांचीही इंग्रजी मातृभाषा नाही, आणि अशा मीटिंगमध्ये त्यांना ऐटबाज वाक्यं ऐकायची नसतात. डेटा कुठे आहे, बॅकअप परत आणून कधी तपासला होता, वापरकर्ता नोकरी सोडून गेला की त्याचं लॉगिन किती वेळात बंद होतं, असे प्रश्न येतात. टिसॅक्सचं, म्हणजे वाहन उद्योगातल्या माहिती-सुरक्षेचं, मूल्यांकन तर सगळं अशाच प्रश्नांवर चालतं. याची उत्तरं ज्याला माहीत आहेत, तो तुटक इंग्रजीतही निभावतो. माझा प्रतिप्रश्न असा, की सोळा वर्षांत त्यांना त्या खोलीत किती वेळा बसवलं? माझा अंदाज आहे की प्रेझेंटेशन कायम निवृत्त होणाऱ्या प्रमुखांनी दिलं आणि त्याची माहिती यांनी गोळा करून दिली. पुढच्या ग्राहक-बैठकीत एक विषय त्यांना द्या, फार तर दहा मिनिटांचा, तयारीला वेळ देऊन. इंग्रजीची शिकवणी लावायची असेल तर लावा. दोन पगारांतला फरक वर्षाला २८ लाखांचा आहे, त्यात कितीतरी शिकवण्या बसतात. नाहीच जमलं तर सादरीकरण दुसऱ्या कुणी करावं, उत्तरं त्यांनी द्यावीत.

यात आपली एक खोड आहे. आतल्या माणसाचे दोष आपल्याला सोळा वर्षांचे पाठ असतात, बाहेरच्याचे फक्त गुण समोर येतात आणि तेही त्यानेच निवडलेले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं. म्हणून दोघांना एकाच तराजूत घालायचं तर मुलाखत पुरेशी नाही. दोघांसमोर तुमचंच एखादं खरं प्रकरण ठेवा. मागच्या वर्षी ज्या दिवशी डिस्पॅच सर्वांत जास्त वेळ अडलं, तो दिवस घ्या. पहिल्या तासात कुणाला फोन कराल, ग्राहकाला काय सांगाल, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलाल?

आतल्यांना एक प्रश्न खास विचारा: तुमच्या झेड प्रोग्रॅमपैकी नव्या प्रणालीत कोणते फेकून द्याल? आठ दिवसांची मुदत द्या. त्यांनी यादी आणली, 'यातले अर्धे जाऊ देत, हे वीस कुणी वापरत नाही, हे दोन मीच चुकीचे करून ठेवलेत' असं म्हणाले, तर निर्धास्तपणे खुर्ची द्या. प्रत्येकाची बाजू घेऊन भांडले, प्रत्येक ओळ कशी गरजेची आहे हे पटवत बसले, तर सावध व्हा. जुन्या माणसाचा खरा धोका इथे असतो. त्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं त्याला पाडवत नाही. असा प्रमुख नवी प्रणाली जुनीसारखी करून घेण्यात पैसे आणि वर्षं घालवतो, आणि बाहेरचा माणूस तिथे निश्चितच बरा.

बाहेरच्या उमेदवाराला दोन दिवस प्लांटवर बोलवा, त्या दिवसांचे पैसे द्या. महिनाअखेर असेल तर उत्तमच. स्टोअर्समधल्या माणसाशी ते काय बोलतात, बोलतात का, ते पाहा. रेफरन्स घेताना त्यांच्या वरिष्ठांना फोन करून उपयोग नसतो, हाताखाली काम केलेल्या कुणाला तरी गाठा. आणि हेही विचारा, की मोठी कंपनी सोडून नऊ माणसांच्या विभागात का यायचंय? 'सततच्या प्रवासाचा कंटाळा आलाय, आई-वडील थकलेत, आता पुण्यातच राहायचंय' असं उत्तर आलं तर ते माझ्या लेखी चांगलं आहे, असा माणूस टिकतो. 'प्रमुख हे पद बायोडेटावर हवंय' हे उत्तर कुणी तोंडाने देत नाही, पण बोलण्यात कळतं.

त्यांच्यासमोर दुसरा प्रस्तावही ठेवून पाहा: दोन वर्षांसाठी स्थलांतराचे प्रकल्पप्रमुख, चांगले पैसे, गो-लाइव्हनंतर बोनस, आणि काम आतल्या विभागप्रमुखांच्या हाताखाली. हा शेवटचा भाग पुसट ठेवू नका. 'दोघं मिळून बघा' अशी व्यवस्था सहा महिन्यांत भांडणावर येते आणि मग दोघंही तुमच्या वडिलांकडे तक्रारी नेतात. डिप्लोमावाल्या माणसाच्या हाताखाली काम करायला ते नाखूश असतील, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. मग दुसरा अनुभवी माणूस कंत्राटावर मिळेल, पार्टनरशी संबंध नसलेला.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. तिथे बाहेरून माणूस घ्याच, मोठ्या पदावर नसला तरी चालेल. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवण्याचं बंधन सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनी आपल्यावर घातलंय, लॉग (प्रणालीतल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे आहेत. वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या चमूला सगळ्यांना मिळून जे दिसत नाही, ते दाखवायला परका डोळाच लागतो.

आता पैशाचं. आतल्यांना खुर्ची दिलीत तर १४ लाखांवर वीस टक्के वाढवून विषय मिटवू नका. आपल्याकडे पगार खुर्चीचा ठरत नाही, माणसाच्या जुन्या पगारावर टक्के चढवून ठरतो, त्यामुळे आत राहिलेला कायम मागे राहतो. बाहेरच्याला ४२ द्यायची तुमची तयारी होती हे विभागात कळणार आहे, बहुधा कळलंही असेल. ४२ द्या असं मी म्हणत नाही, त्यात स्थलांतराच्या ज्ञानाची किंमत आहे. पण या आकाराच्या कंपनीत आयटी प्रमुखाचा जो दर चालतो, तो शोधा आणि त्याच्या जवळ जा. एका वर्षात एवढी उडी नको वाटत असेल तर दोन टप्प्यांत द्या, दुसऱ्या टप्प्याची तारीख पत्रात लिहून.

'प्रभारी' हा शब्द तर वापरूच नका. सरकारी कचेऱ्यांत प्रभारी म्हणून वर्षं काढलेली माणसं आपण पाहतो: काम पूर्ण पदाचं, पगार जुना, सही करताना कंसात प्र. परीक्षा घ्यायची असेल तर जरूर घ्या, सहा महिन्यांची घ्या. पण काय पाहणार ते आधी लिहून द्या, त्या काळात वरच्या पदाचा पगार द्या, आणि जमलं नाही तर मान राखून आधीच्या कामावर परत येता येईल अशी वाट ठेवा. तुमचे विद्यमान प्रमुख मार्चपर्यंत आहेत. परीक्षा त्यांच्या डोळ्यांसमोर सुरू करा. बजेट कसं मांडतात, लायसन्सच्या करारात कुठे अडवतात, हे त्यांनी आजवर कुणाला शिकवलेलं नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

राहिला रात्रीचा फोन. माणूस अडीअडचणीला फार उपयोगी पडतो म्हणून त्याला वर घ्यायचं नाही, हा न्याय मला पटत नाही. ही त्याच्या चांगुलपणाची शिक्षा झाली. शिवाय उद्या ते आजारी पडले तर काय करणार आहात? हा धोका आजही आहे, बढतीने तो फक्त तुम्हाला दिसला. विभागातल्या दोन तरुणांना आत्तापासून पहिल्या फोनवर बसवा, त्यांना रात्रपाळीचा भत्ता द्या, आणि दर वेळी काय बिघडलं, कसं सुधारलं हे लिहून ठेवायला लावा. मग आतल्यांना दोन आठवड्यांच्या रजेवर पाठवा, फोन बंद ठेवून. त्या दोन आठवड्यांत जे-जे अडेल ती तुमची कामाची यादी. निर्णय कुठलाही झाला तरी हे करावंच लागणार आहे.

आणि ते 'मला प्रमुख नको' म्हणाले तर? मग बाहेरचा प्रमुख आणा, पण निवड करताना यांना मुलाखतीला बसवा. शोभेला नको, त्यांच्या नकाराला वजन द्या. त्यांच्यासाठी तांत्रिक बाजूचं वरचं पद तयार करा, हाताखाली माणसं नसली तरी पगार प्रमुखाच्या जवळ जाणारं. सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये अशा दोन समांतर शिड्या कधीच्या आहेत. कारखान्यांत अजून माणसं सांभाळल्याशिवाय पगार वाढत नाही, म्हणून उत्तम तंत्रज्ञ नाइलाजाने वाईट मॅनेजर होतात.

सॉफ्टवेअर कंपन्यांतून हे सदर वाचणाऱ्या टीम लीड आणि मॅनेजरांनाही यातलं बरंच लागू पडेल. फक्त तुमच्याकडे खुर्चीपेक्षा तंत्रज्ञान लवकर बदलतं, त्यामुळे बाहेरून माणसं घेणं टळत नाही. जागा निघाली की बाजारात जाहिरात देण्याआधी दोन आठवडे ती आत जाहीर करा, आणि निवड आधीच ठरली असेल तर आतल्यांच्या खोट्या मुलाखती घेऊ नका. नकार माणसं पचवतात, नाटक पचवत नाहीत. ९० दिवस थांबून शेवटच्या आठवड्यात उमेदवार काउंटर ऑफर घेऊन जुन्याच कंपनीत राहतो, हे तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. तेवढ्या काळात आतला कोण तयार झाला असता, याचा हिशेब एकदा मांडून पाहा.

आणि जे स्वतः त्या डावललेल्या जागी बसलेत, त्यांच्यासाठी. नवा साहेब यायच्या आत वरिष्ठांची वेळ घ्या आणि विचारा, की मला न निवडण्याचं कारण काय, आणि ते भरून काढायला काय करावं लागेल. उत्तर ईमेलवर मागा, किंवा बोलणं झालं की तुम्हीच ईमेल करून टाका: 'आपलं असं ठरलं.' कारण नेमकं असेल, उदाहरणार्थ बजेट कधी हाताळलं नाही, तर ते काम मागून घ्या आणि सहा महिन्यांनी त्याच ईमेलवर परत बोला. 'अजून थोडं मॅच्युअर व्हा' एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर नाही. बाहेर दोन-तीन मुलाखती द्या, राजीनामा खिशात न ठेवता, नुसता आपला बाजारभाव कळावा म्हणून. आणि नव्या साहेबाला माहिती द्यायला हात आखडता घेऊ नका, त्यांनी तुमचं काहीच बिघडवलेलं नाही. फक्त जे शिकवाल ते लिहून शिकवा आणि खाली आपलं नाव घाला.